धुऱ्याखालचा कोळसा

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं मला कधी कळलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहीत आहे. कुणाच्या हाती हे पडलं तर चुका पोटात घालाव्यात.

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. गाव त्यांना मुकी काकू म्हणत असे. खरं तर घरात त्यांचं तोंड चुलीतल्या लाकडासारखं सतत तडतडायचं. पण त्यांच्या भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, त्या जन्मात एक शब्द सरळ बोलल्या नाहीत. आमच्याकडे भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर पुढे ओढायचा, त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही अशी रीतच आहे. बाकीच्या बायका वय झालं की ही रीत सैल करतात. आत्याबाईंनी ती शेवटपर्यंत विळ्याच्या धारेसारखी जपली. बोलायचं असेल ते त्या गाईला सांगायच्या, नाहीतर ओसरीच्या खांबाला. मी सून म्हणून आले तेव्हापासून मला.

"पोरी, त्याईले सांग, आमच्या धुऱ्यावर बैल घालू नका म्हनावं."

धुरा म्हणजे दोन शेतांमधला मातीचा बांध. भासरे चार हातांवरच उभे असायचे. त्यांना सगळं ऐकू गेलेलं असायचं. तरी मी पदर सावरून, जमिनीकडे बघून, तेच पुन्हा सांगायचं. माझा आवाज मुळात घशातच राहणारा. त्यांना मी मोठे मामंजी म्हणायची. ते हसून माझ्या नवऱ्याला विचारायचे, "काय बोलली गा ही? चौथी शिकलेली सून आनली अन् आवाज पहिलीचाही नाही." मग आत्याबाई गाईच्या पाठीवर थाप मारून म्हणायच्या, "ऐक व माय, आवाज कमी असला तरी जमीन त्याच्यानं कमी होत नाही."

आमची शेती लाखांदूरच्या बाजूला. एस.टी.तून उतरलं की बोडीच्या, म्हणजे आमच्या लहान तळ्याच्या, पाळीवरून चालत गावात यावं लागतं. रोवणा करताना, गुडघाभर चिखलात वाकून धानाचे परहे, म्हणजे रोपं, लावताना, आत्याबाई एकेका बांधीची, म्हणजे खाचराची, गोष्ट सांगायच्या. वाघबांधी आमच्या यांच्या पणजोबांनी झाडी तोडून काढली. वाघाने बैल नेला म्हणून ते नाव. तीनकोनी बांधी त्यांच्या मुलाने केली. बोडी त्याच मुलाने बायकोच्या दागिन्यांवर खणली. लांबबांधी सगळ्यांत मोठी, बोडीच्या खाली लागूनच, तिच्यात धान सगळ्यांत आधी पिकायचं. त्या सांगायच्या आणि परहे लावत मागे मागे सरकायच्या. मला वाटायचं, मी धान नाही, नावं रोवते आहे.

आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी कोळसा यायचा.

आमच्या घराण्यात भाऊ वेगळे झाले की एका चुलीच्या दोन चुली होतात. त्या दिवशी शेवटचा एकत्र स्वयंपाक झाला की घरातली म्हातारी चूल विझवते, तिचा कोळसा मडक्यात भरते, आणि वाटणीच्या धुऱ्याखाली, जिथे हद्दीचा दगड बसतो तिथे, ते मडकं पुरते. माती सडते, लाकूड सडतं, कोळसा सडत नाही. पणजोबांच्या वेळचा कोळसा अजून पूर्वेच्या धुऱ्याखाली आहे. त्यांच्या चुलत भावाच्या नातवंडांशी आमचं तिथे कधी भांडण झालं नाही.

"कागद कोनाले वाचता येत होता?" आत्याबाई म्हणायच्या. "चूल मात्र सगळ्याईले ओळखता येते."

मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, आणि मोठ्या मामंजींची वाटणी झाली तेव्हा लांबबांधी मधोमध दोन केली. कागदावर काही नाही, सगळं तोंडी. त्यांच्या आईने, म्हणजे आमच्या आजेसासूने, कोळसा पुरला. दुसऱ्याच वर्षी धान कापताना मामंजींना साप चावला. आत्याबाईंच्या पदरात एकच मुलगा, तोही अकरा-बारा वर्षांचा. त्यांनी हिरवं लुगडं सोडलं ते कायमचं. अजून वर्षश्राद्ध व्हायचं होतं, मृग तोंडावर आला होता, आणि मोठ्या मामंजींनी लांबबांधीचा धुरा नीट करायला काढला.

धुरा दरवर्षी नीट करावाच लागतो, पावसात त्याची माती ढळते. मोठे मामंजी काय करायचे, आपल्या बाजूने फावड्याने धुरा कोरायचे आणि ती माती आमच्या बाजूला टाकायचे. धुरा तेवढाच जाड, तेवढाच उंच. फक्त हातभर आमच्याकडे सरकलेला. त्याच्याबरोबर हद्दीचे दोन्ही दगडही सरकायचे. हातभर कुणाला दिसतं? त्या वर्षी आत्याबाई धुऱ्यावर उभ्या राहिल्या, पाहिलं, आणि घरी येऊन अंबाडीचा दोर वळायला बसल्या.

तो दोर मी आले तेव्हा खुंटीवर टांगलेला होता. आमच्या हिश्श्यात एक जुनं मोहाचं झाड आहे. त्या झाडाच्या बुंध्यापासून खऱ्या धुऱ्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढा तो दोर लांब. आणि त्याला चिंध्या बांधलेल्या. पेरणीच्या आधी मोठ्या मामंजींचा धुरा बांधून झाला की आत्याबाई मला बरोबर घेऊन जायच्या. मी मोहाच्या बुंध्याशी एक टोक धरायची, त्या दोर सोडत धुऱ्यापर्यंत जायच्या आणि जिथे धुरा लागेल तिथे दोराला एक चिंधी बांधायच्या. त्या वर्षी फाटलेल्या लुगड्याची चिंधी. मग उरलेला दोर गुंडाळून, मोहाच्या बियांचं तेल लावून पुन्हा खुंटीवर. सगळ्यांत पहिली चिंधी त्यांनी सोडलेल्या हिरव्या लुगड्याची होती.

पहिल्या वर्षी मी विचारलं, "आत्याबाई, हे माहीत आहे तर पंच का बोलवत नाही?"

"कनीस भरलं का?"

मला कळलं नाही.

"कनीस भरल्याबिगर विळा लावत नाही, पोरी. हातभर जमिनीसाठी पंच बोलावले तर पंच हासतात. म्हनतात, बाई, माती ढळली असन. भरू दे त्याचं कनीस."

यांना हे पटायचं नाही. हे स्वभावाने मऊ, पण धुऱ्यावरून आले की दोन दिवस जेवायचे नाहीत. "माय, तू मुकी राहून राहून आपली बांधी त्याच्या घरात जाऊन राहिली," म्हणायचे. त्या भाताचा कढ बघत म्हणायच्या, "जाऊ दे. गेलेली वस्तू कोनाच्या घरात आहे हे माहीत असलं की चोरी होत नाही, ठेव होते."

मला त्यांचं हे बोलणं तेव्हा भित्रेपणाचं वाटलं होतं. माझं मत बदललं ते पुढे. त्याआधी पावसाने दगा दिला ते वर्ष आलं.

परहे लावून झाले आणि पाऊस गेला. बोडीचं पाणी आधी मोठ्या मामंजींच्या बांधीत उतरायचं आणि तिथून धुऱ्याच्या तोंडातून आमच्याकडे. ही वाटणीपासूनची वहिवाट. त्या वर्षी त्यांनी धुऱ्याचं तोंड मातीने बुजवलं. त्यांच्या बांधीत पाणी चमकत होतं, आमच्याकडे चिखलाला भेगा पडत होत्या. माझी थोरली मुलगी तेव्हा चार महिन्यांची. आत्याबाई तापाने पडल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोरी, जाऊन सांग, अर्धा दिवस तोंड उघडा म्हनावं. एवढंच."

मी मुलीला कडेवर घेऊन गेले. मोठे मामंजी धुऱ्यावर छत्री घेऊन बसले होते, शेजारी त्यांचा गडी. मी खालच्या कोरड्या बांधीत उभी राहिले आणि निरोप सांगितला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. तंबाखू मळली. खाल्ली. गड्याशी बैलांच्या बाजाराचं बोलत बसले. ऊन डोक्यावर आलं. मुलगी रडून रडून थकली. मी पुन्हा सांगितलं. मग ते गड्याला म्हणाले, "पानी मांगाले आली ना ती? तिले म्हन, घागर घेऊन ये. घागरभर देऊ."

गडी हसला. मी परत आले. आत्याबाईंना फक्त "नाही म्हणाले" एवढंच सांगितलं. घागरीचं सांगितलं नाही. ते माझ्या घशात राहिलं. त्या वर्षी अर्धं धान पळंजी गेलं, नुसतं फोल. लाखोरीच्या डाळीवर आणि मोहाच्या फुलांवर उन्हाळा काढला. माझं दूध आटलं. मुलगी वाचली, पण दोन वर्षांची होईपर्यंत तिचे पाय काडीसारखे होते. आंघोळ घालताना ते पाय हातात आले की मला घागर आठवायची.

पुढच्या पेरणीआधी चिंधी बांधताना आत्याबाईंनी गाठ दातांनी आवळली. बाकी काही नाही.

दोन वर्षांनी मोठ्या मामंजींनी विहीर काढली. दोन दुष्काळी सालांनी त्यांनाही घाबरवलं होतं. पाणाड्या आणला, तो तळहातावर नारळ घेऊन लांबबांधीत फिरला, आणि नारळ जिथे उभा राहिला ती जागा तेव्हाच्या धुऱ्यापासून त्यांच्या बाजूला सात-आठ हातांवर होती. नारळ फोडला. त्यांच्या घरून खोबऱ्याचा तुकडा प्रसाद म्हणून आला. मला वाटलं, आत्याबाई तो फेकून देतील. त्यांनी तो तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाल्या, "गोड आहे व."

मग त्यांना काय झालं कोण जाणे, त्या रोज दुपारी मडकंभर ताक विहीर खणणाऱ्यांना पाठवायला लागल्या. मीच घेऊन जायची. हे चिडले. "त्याची विहीर अन् आपलं ताक? माय, तुले झालं तरी काय?"

त्या दोर खुंटीवरून काढून मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एकेक चिंधी बोटाने मोजत म्हणाल्या, "आपल्या विहिरीवर मानसं राबून राहिली. त्याईले उपाशी ठेवू का मी?"

मीही त्यांच्याबरोबर मोजल्या. अकरा चिंध्या होत्या. विहीर सातव्या-आठव्या हातावर. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्या पदराआड हसत होत्या. खोबऱ्याचा तुकडा अजून तोंडात असल्यासारख्या.

खाली दगड लागला, सुरुंग लावावे लागले. दोन उन्हाळे गेले, मोठ्या मामंजींनी बैलजोडी विकली पण ते थांबले नाहीत. त्या नादात धुरा सरकवायचा मात्र राहिला. पाणी लागलं तेव्हा गावाला जेवण घातलं. आत्याबाई पंगतीत बसून पोटभर जेवल्या. तरी त्यांनी पंच बोलावले नाहीत. "बांधून होऊ दे," म्हणाल्या. दगडी बांधकाम वर आलं, काठावर गरारी, पाणी ओढायची चाकी, बसली, आणि पहिलं पाणी बांधीत सुटलं. त्या दिवशी त्यांनी मला कोयता धार लावून आणायला सांगितला. मी घाबरून विचारलं, "कशाला?" तर म्हणाल्या, "भाजी चिरायले. तुले काय वाटलं?" आणि यांना म्हणाल्या, "जा रे. पंच बोलव. कनीस भरलं."

आणीबाणी लागली त्याच सालच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. बांध्या कोरड्या ठाक. पाच पंच मोहाच्या सावलीत बसले, अर्धं गाव धुऱ्यावर उभं. एका बाजूला मोठे मामंजी, दुसऱ्या बाजूला पदर नाकापर्यंत ओढलेल्या आत्याबाई, आणि त्यांच्यापुढे त्यांचं तोंड म्हणून मी. त्या माझ्या कानात बोलायच्या, मी पुढे सांगायचे. एक म्हातारे पंच म्हणाले, "जरा जोरानं बोल व बाई. सून बोलून राहिली का पारवा घुमून राहिला?" सगळे हसले. आत्याबाईंनी मला पाठीमागून चिमटा काढला.

"त्यांचं म्हणणं आहे," मी म्हणाले, "धुरा अकरा हात सरकला आहे. विहीर आमच्या जमिनीत आहे."

मोठे मामंजी रागावले नाहीत. ते तयार होते. म्हणाले, "पंचहो, बोलनं कायले? आमच्या घरची रीत तुमाले ठाऊक आहे. दगडाखाली खोदा. मायच्या हातचा कोळसा जिथं निघन तिथं हद्द."

दोन्ही टोकांच्या दगडांखाली खोदलं. दोन्हीकडे मडकं निघालं, दोन्ही मडक्यांत कोळसा. हे खाली बसले, डोकं हातात धरून. दगडाबरोबर मडकीही सरकवली असतील हे आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नव्हतं. आईच्या हाताने पुरलेली चूल कुणी उपटून दुसरीकडे पुरत नाही. तसं केलं तर वंशाला लागतं असं आमच्याकडे मानतात. मोठे मामंजी हसून मिशीवरून हात फिरवत होते.

आत्याबाई माझ्या कानात म्हणाल्या, "सांग, मधला पहा."

"त्या म्हणतात, मधला पहा."

"मधला?" मोठे मामंजी म्हणाले. "मधात कधी मडकं राहते का?"

आत्याबाईंनी दोर माझ्या हातात दिला. मी मोहाच्या बुंध्याशी टोक धरलं. त्या दोर सोडत निघाल्या. आताचा धुरा ओलांडला, एकेक चिंधी जमिनीला टेकत गेली, विहिरीला वळसा न घालता दोर तिच्या काठावरूनच ओढून नेला, आणि हिरवी चिंधीही मागे टाकून दोर जिथे संपला तिथे त्या उभ्या राहिल्या. पायाने जमीन दाखवली.

हातभर खोदल्यावर कुदळ खणकन वाजली. तिसरं मडकं. त्यात कोळसा होता आणि कोळशाच्या तळाशी चांदीचं एक जोडवं.

ते असं होतं. वाटणीच्या दिवशी आजेसासूने दोन मडकी मुलांसमोर पुरली. नंतर धाकट्या सुनेला, म्हणजे आत्याबाईंना, घेऊन गेली आणि बरोबर मधोमध तिसरं पुरलं. तेव्हा म्हणाली होती, "मोठा माझ्याच पोटचा आहे. म्हनूनच पुरून राहिली." हे आत्याबाईंनी चौदा वर्षांत पोटच्या मुलालाही सांगितलं नव्हतं.

"जोडवं कोनाचंही असू शकते," मोठे मामंजी म्हणाले. पण आवाज बारीक झाला होता.

तेवढ्यात बायकांमधून त्यांचीच बायको पुढे आली. तिलाही मोठी सून म्हणून सासूच्या हातचं काही मिळालं होतं. तिने कमरेच्या चंचीतून दुसरं जोडवं काढलं आणि पंचांपुढे ठेवलं. तीच मासोळी, तीच नक्षी. ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "मरताना मले हे देल्लं अन् म्हनलं, याचा जोड जमिनीत आहे. निघाला का खरं बोलजो." मग ती घरी निघून गेली. तिला घरी काय भोगावं लागलं हे मला माहीत आहे, पण ते तिचं आहे, मी लिहिणार नाही.

पंचांनी अकरा हात जमीन आमची म्हणून सांगितली. विहीरही आमची. पण विहिरीला लागलेला पैसा त्यांचा, तो परत करावा. तेहतीसशे रुपये. हे काही बोलणार तोच आत्याबाईंनी मला सांगितलं आणि मी, त्या दिवसात पहिल्यांदा न अडखळता, म्हणाले, "देऊ. अकरा वर्षं हातभर हातभर नेलं, अकरा वर्षं थोडं थोडं देऊ. दर संक्रांतीला तीनशे. पण न्यायला त्यांनी स्वतः यायचं. मुलगा नाही, गडी नाही."

पंचांना यात काही वाईट दिसलं नाही. मोठ्या मामंजींना दिसलं. त्यांनी त्या क्षणी पदराकडे असं बघितलं की जणू इतक्या वर्षांत तिथे कुणी माणूस आहे हे पहिल्यांदाच कळलं.

त्यानंतरच्या संक्रांती मला सणासारख्या आठवतात. चुरणा, म्हणजे मळणी, होऊन धान घरात आलेलं असायचं. विहिरीच्या पाण्यावर आमचं उन्हाळी धानही व्हायला लागलं होतं. मोठे मामंजी सकाळी यायचे, ओसरीवर बसायचे. आत्याबाई खांबाआड उभ्या राहायच्या. मी पितळी लोटा भरून त्यांच्यापुढे ठेवायची. त्याच विहिरीचं पाणी. वाटीत तिळगूळ.

"सांग खांबा," आत्याबाई म्हणायच्या, "आधी पानी प्या म्हनावं. गोड आहे. एवढं गोड पानी पंचक्रोशीत नाही."

ते प्यायचे. पूर्ण लोटा संपेपर्यंत आत्याबाई नोटा सोडायच्या नाहीत.

"सांग खांबा, तिळगूळ घ्या. गोड बोला म्हनलं असतं, पन बोलायची रीत नाही."

मग त्या दोर काढायच्या, एक चिंधी सोडायच्या, आणि ती सोडताना इतका वेळ लावायच्या की एका वर्षी मोठे मामंजी म्हणाले, "बाई, कापून टाक ना." आत्याबाई खांबाला म्हणाल्या, "बांधाले वर्ष लागलं, सोडाले घटकाभर लागन ना जी." दुष्काळानंतर जी गाठ दातांनी आवळली होती, तिला तर अर्धी सकाळ लागली. ते उन्हात बसून राहिले. मी आतून बघत होते. मला त्यांची दया आली नाही.

एकदा पुराने धान गेलं, तरी त्या वर्षी आत्याबाईंनी शेळ्या विकून तीनशे भरले. मी म्हटलं, पुढच्या वर्षी दोन्ही देऊ. त्या म्हणाल्या, "नाही. त्याचं एक येनं बुडते."

पण या सगळ्यात मी फक्त लोटा ठेवणारी होते. एकदा मी त्यांना घागरीचं सांगितलं. इतक्या वर्षांनी. आत्याबाई म्हणाल्या, "मले तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही तापात होता."

"मग आता तूच बोल त्याच्याशी."

"माझ्याच्याने नाही होत."

"आता होनारही नाही," त्या म्हणाल्या. "देनेकऱ्याले तोंड नसते, पोरी. आपन त्याचं देनं लागतो. मी खांबाशी बोलतो ते काही फक्त रीत म्हनून नाही."

गेल्या पावसाळ्यात, रोवण्याच्या दिवसांत, आत्याबाई गेल्या. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी चिखलाचे पाय धुवून आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. दोराला एकच चिंधी उरली होती, हिरवी. त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, शेतीचं काही सांगतील.

"हिरवी सोडू नको," त्या म्हणाल्या. "शंभर दे, पन्नास दे, पन सगळं देऊ नको. देनं उरलं की येनं उरते. मरेपर्यंत यऊ दे त्याले."

मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणायचं? पण त्यांच्या जाण्यानंतर रोवणा करताना मी एकटीच मागे मागे सरकत होते, बांध्यांची नावं मनात घेत होते, आणि मला कळलं की त्यांचा सूड त्यांचा होता. तो त्यांनी बांधला, तो त्यांनी सोडला. माझी घागर अजून माझ्याच घशात होती. आणि देणं उरेपर्यंत ती तिथून निघणार नव्हती.

परवाच्या संक्रांतीला मोठे मामंजी आले. काठी टेकत, दोनदा थांबत. हे लाखांदूरच्या बाजाराला गेले होते. ओसरीवर मी एकटी. खांबाआड कुणी नाही हे पाहून ते जरा सैल होऊन बसले. मी तिळगूळ ठेवला. लोटा भरलेला होता, पण माझ्याजवळच ठेवला. दोर काढला आणि हिरवी चिंधी सोडली. चोवीस वर्षांची गाठ, पण हाताला लगेच सुटली. तीन नोटा त्यांच्या हातात दिल्या.

त्यांनी त्या मोजल्या, बंडीच्या खिशात ठेवल्या. "फिटलं सारं," म्हणाले. मग सवयीने हात पुढे केला. "पानी?"

मी पदर मागे केला. त्यांच्या तोंडाकडे सरळ बघितलं. इतक्या वर्षांत त्यांचे डोळे घारे आहेत हे मला माहीत नव्हतं.

"घागर आणली का, मामंजी?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "घागर? कायची घागर, बाई?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी नीट बघितलं; सोंग नव्हतं. मी पंधरा वर्षं जे घशात जपलं ते त्यांनी त्या दिवशी तंबाखूबरोबर थुंकून टाकलं होतं. एक क्षण वाटलं, सगळं फुकट गेलं. मग खुंटीवरचा दोर दिसला आणि आत्याबाई चिंध्या का बांधत होत्या ते मला तेव्हा समजलं. त्या स्वतःला आठवावं म्हणून बांधतच नव्हत्या. त्याला विसरता येऊ नये म्हणून बांधत होत्या.

म्हणून मी सांगितलं. उभ्यानं सांगितलं, कुणाच्याही आवाजात नाही. दिवस सांगितला. छत्री सांगितली. गड्याचं नाव सांगितलं. तंबाखू कुठल्या हाताने मळली ते सांगितलं. मुलगी कडेवर होती आणि रडून रडून तिचा आवाज कसा बसला ते सांगितलं. तिचे पाय किती बारीक होते ते बोटाने दाखवलं. त्यांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत म्हणून दाखवलं, आणि गडी कसा हसला तसं हसूनही दाखवलं. माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असावा, कारण समोरच्या घरची बाई सूप हातात घेऊन बाहेर आली होती.

ते मान खाली घालून बसले होते. हात मात्र अजून पुढेच होता, मागे घ्यायला विसरल्यासारखा.

माझं बोलून झालं. मग मी लोटा त्यांच्यापुढे सरकवला.

"आता प्या," मी म्हणाले. "गोड आहे."

त्यांनी लोटा उचलला. ओठांपर्यंत नेला. थोडं पाणी बंडीवर सांडलं. मग त्यांनी तो तसाच, भरलेला, खाली ठेवला. तिळगूळ घेतला नाही. काठी शोधली, उठले आणि बोडीच्या पाळीवरून नाही, लांबच्या वाटेने घरी गेले.

पैसे मात्र घेऊन गेले. तीनशे. विहिरीचे तेहतीसशे रुपये पूर्ण फिटले.